एक चौकट, सात दफ्तरे

संकेतस्थळावरील शोधाच्या चौकटीत एखादा शब्द लिहून उत्तराची वाट पाहणाऱ्या सज्जनाची अशी प्रामाणिक समजूत असते की, संस्थेलाही आपल्यासारखेच एक डोके असून तिची सारी स्मृती त्यात गुण्यागोविंदाने नांदत असावी. वस्तुतः कोणत्याही प्रतिष्ठित संस्थेच्या पोटात परस्परांचे तोंडही न पाहणारी अनेक दफ्तरे असतात. आमच्या वाचनालयाच्या संगणकात ती सात होती : ग्रंथ, ग्रंथकार, नियतकालिकांतील लेख, व्याख्याने, हस्तलिखिते, देणगीदार आणि सभासद. या सर्वांवर मिळून एकच चौकट बसवावी, असा कार्यकारी मंडळाचा ठराव घेऊन चिटणीस माझ्याकडे आले. "फार काही नको हो," ते म्हणाले, "शब्द टाकला की सगळं बाहेर आलं पाहिजे!"

सभासदांच्या दफ्तरात वर्गणीची थकबाकीही नोंदलेली असून तीत उपाध्यक्षांचे नाव अग्रभागी विराजमान आहे, एवढे मी निदर्शनास आणताच 'सगळं' या शब्दाचा अर्थ संकुचित झाला आणि ते दफ्तर बिनतक्रार वगळण्यात आले.

उरलेल्या सहांच्या विभक्तपणाचे श्रेय एडगर कॉड या गणितज्ञाला आहे. आयबीएममध्ये असताना 1970 साली त्यांनी लिहिलेल्या निबंधातून जे शास्त्र उभे राहिले, त्याचा इत्यर्थ असा की, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदावी आणि इतरत्र तिचा केवळ क्रमांक द्यावा. परिणामी ग्रंथांच्या दफ्तरात हरि नारायण आपटे नावाने न वसता क्रमांकाने वसतात. त्यांचा ग्रंथांशी सांधा जुळवण्यासाठी 'जॉइन' ही आज्ञा आहे. परंतु ती देताना अट घालण्याचे राहिले, तर 20,000 ग्रंथ आणि 500 लेखक यांच्या संयोगातून 1 कोटी ओळी प्रसवतात, व जगातील प्रत्येक ग्रंथ प्रत्येक लेखकाने लिहिला असल्याचे सिद्ध होते.

निरनिराळ्या दफ्तरांचे निकाल एकाखाली एक लावणारी 'युनियन' ही आज्ञा त्याहून शिस्तप्रिय. सर्वांनी सारखेच रकाने, त्याच क्रमाने, हजर केल्यावाचून ती कोणाचीही रुजुवात घेत नाही. ग्रंथाला लेखक असतो. व्याख्यानाला लेखक नसून वक्ता असतो, आणि तोही पुष्कळदा वेळेवर नसतो. देणगीदाराजवळ तर रकमेखेरीज सांगण्यासारखे काहीच नसते. त्यांचे रिकामे रकाने रिकामे म्हणूनच भरावे लागले.

त्यातच आपली भाषा. 'नाशिक' शोधू जाता 'नाशकातील' लेख हाती लागत नाहीत, आणि 1962 च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांतील 'कांहीं' आपल्या डोक्यावरचे अनुस्वार सोडून 'काही'च्या पंक्तीस बसायला तयार होत नाही.

क्रमाचा प्रश्नही नाजूक होता. कोणताही शब्द टाकला तरी अध्यक्षांचे भाषण प्रथम यावे, ही चिटणीसांची इच्छा. उलट कॅरन स्पार्क जोन्स या विदुषींनी 1972 सालीच सांगून ठेवले की, शब्द जितका विरळा तितके त्याचे वजन अधिक. मायएसक्यूएल या दफ्तरे सांभाळणाऱ्या प्रणालीच्या जुन्या मायआयसॅम कोठीत तर हे तत्त्व इतके कठोरपणे पाळले जाई की, निम्म्या वा अधिक ओळींत आढळणाऱ्या शब्दाची दखलच घेतली जात नसे. सबब मराठी वाचनालयात 'मराठी' हा शब्द शोधणाऱ्यास 'काहीही आढळले नाही' असे नम्र उत्तर मिळे. काही साहित्यिकांना हा निष्कर्ष अचूक वाटला असता.

अखेरीस कॉडसाहेबांच्या आज्ञेचा बुद्धिपुरस्सर भंग करून मी एक सर्वसूची निर्माण केली. तीत प्रत्येक नोंदीचे शीर्षक, विभक्तिप्रत्यय व जुने अनुस्वार उतरवून ठेवलेला मजकूर, आणि मूळ दफ्तराचे नाव व क्रमांक अशी प्रत ठेवली. मूळ नोंद बदलली की 'ट्रिगर' नावाचा अदृश्य कारकून सूचीतही तोच बदल करी. आता शोधणाऱ्यास दफ्तरांची नावेदेखील ठाऊक असण्याचे कारण उरले नाही.

लोक काय शोधतात याची यादी मी यथाकाल चिटणीसांपुढे ठेवली. हस्तलिखितांची चौकशी कोणीही केलेली नव्हती. सर्वाधिक वेळा लिहिलेला शब्द होता 'वेळ'. वाचनालय केव्हा उघडते, ही माहिती सातांपैकी एकाही दफ्तरात नव्हती. ती दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असे. तेव्हा आठवे दफ्तर काढून त्यात सकाळची आणि सायंकाळची अशा दोन ओळी घालाव्यात, असे मी सुचवले. परंतु फळ्यावरची वेळ गरजेप्रमाणे पुसता येते, दफ्तरात शिरलेली मात्र पाळावी लागते, ही चिटणीसांची हरकत कार्यकारी मंडळाने एकमताने उचलून धरली.