हजार गुणांचा खेळखंडोबा

२००७ साली एक्सबॉक्स ३६०वर ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर – द बर्निंग अर्थ’ हा मुलांसाठीचा गेम आला. सुरुवातीलाच एका जागी उभं राहायचं आणि एकच बटण दाबत सुटायचं. सलग ५० फटके मोजले गेले की गेममधले सगळेच्या सगळे १,००० गुण खात्यात जमा. दोन-चार मिनिटांचं काम. कित्येकांनी हा गेम तेवढ्यासाठीच भाड्यानं आणला आणि लगेच परत केला. गोष्ट काय, शेवटी कोण जिंकतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांच्या खात्यात मात्र तो आजही शंभर टक्के पूर्ण आहे.

गुणांमुळे गेम खेळण्यात काही भर पडते का, असं कुणी विचारलं की मला आधी हाच गेम आठवतो. आव्हान म्हणून आलेली अचिव्हमेंट, म्हणजे गेममध्ये अमुक एक करून दाखवलं की मिळणारी शाबासकी, खेळात भर घालते, हे मला मान्य आहे. तिच्यापुढे लिहिलेला आकडा आणि त्या आकड्यांची आयुष्यभराची बेरीज मात्र खेळाच्या मुळावर येते.

बक्षिसाची हौस जुनीच. १९८२ साली ‘पिटफॉल’मध्ये ज्याचे २०,००० गुण व्हायचे, तो टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीला टपालानं पाठवायचा आणि कंपनी त्याला कापडी बिल्ला पाठवायची. तो बिल्ला त्या एकाच गेमचा असे. मगरींच्या डोक्यांवरून उड्या मारल्याशिवाय मिळत नसे, आणि मिळाला की शर्टावर शिवता येई.

नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० बाजारात आणला आणि हे गुण गेममधून बाहेर काढून खेळणाऱ्याच्या नावाला चिकटवले. दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक गेमला १,०००, डाउनलोड करायच्या छोट्या गेमला २००, आणि सगळ्याची बेरीज म्हणजे तुमचा गेमरस्कोअर. २००७ मध्ये पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमनं अचिव्हमेंट आणल्या. २००८ मध्ये सोनीनं प्लेस्टेशनवर ट्रॉफ्या आणल्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, आणि सगळ्या जमल्या की प्लॅटिनम. या गेमरस्कोअरनं काही विकत घेता येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर तो नेता येत नाही. ज्याच्या नावावर दहा वर्षांची बेरीज साठली आहे, तो पुढचा कन्सोल कुठल्या कंपनीचा घेईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गुण खेळणाऱ्याला मिळतात, फायदा कंपनीला होतो.

शिवाय बेरजेला चव कळत नाही. जिथे रात्ररात्र एकाच शत्रूपुढे हरावं लागतं अशा गेमचे हजार आणि ‘बर्निंग अर्थ’चे हजार, दोन्ही तिला सारखेच. अमेरिकेतल्या रे कॉक्स यांनी मार्च २०१४ मध्ये १० लाख गेमरस्कोअरचा टप्पा सर्वांत आधी गाठला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण त्या दहा लाखांत कुठल्या गेमनं त्यांना रडवलं आणि कुठला गेम त्यांनी नुसता उरकला, हे तो आकडा सांगू शकत नाही. आकडाच मोठा करायचा झाला तर शहाणा माणूस सोपे गेम निवडणार. ‘माय नेम इज मेयो’मध्ये मेयोनेजच्या बरणीवर १०,००० वेळा बटण दाबलं की प्लॅटिनम हातात, तासाभराच्या आत. स्टीमवर तर हजारो अचिव्हमेंट कोंबलेले नावापुरते गेम विकायला येऊ लागले, आणि शेवटी स्टीमलाच नव्या गेमांच्या अचिव्हमेंटवर मर्यादा घालावी लागली. तिथे खेळ उरलाच नव्हता, नुसती पावती विकली जात होती.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून आवडते.

‘हाफ-लाइफ २: एपिसोड टू’ हा २००७चा गेम. त्यात सुरुवातीलाच बागेत ठेवतात तसा एका बुटक्याचा पुतळा पडलेला असतो. कथेत त्याचं काही काम नाही. पण ‘लिटल रॉकेट मॅन’ नावाची अचिव्हमेंट सांगते, या बुटक्याला अख्ख्या गेमभर सोबत न्या आणि शेवटी उडणाऱ्या रॉकेटमध्ये बसवा. बस, एवढंच. आणि एवढ्यानं सगळा गेम बदलतो. बुटका उचलला की हात अडकतात, मग शत्रू आला की त्याला खाली ठेवा, लढा, परत शोधा. पुढे मोटारीचा लांब प्रवास आहे. खड्डा आला की बुटका मोटारीतून बाहेर उडतो. वर हेलिकॉप्टर गोळ्या झाडतंय आणि तुम्ही मागे वळून गवतात पुतळा शोधताय! एरवी ज्या दारातून धावत गेला असता, तिथे थांबून विचार करता की याला कुठे ठेवू. जगाला वाचवायच्या गोष्टीत एका निरुपयोगी पुतळ्याची काळजी शिरते आणि रॉकेटचं झाकण लावताना तुम्हाला त्याच्याबद्दल खरोखर काहीतरी वाटतं.

ही भर कुठून आली? त्या गेमरस्कोअरमधून नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पोरं ‘एक टप्पा एक हात आऊट’ असा नियम करतात आणि त्या अरुंद बोळात वेगळाच खेळ उभा राहतो, तसा हा नियम होता. तो मोजला गेला नसता तरी नियम म्हणून तितकाच झकास होता.

‘डेड रायझिंग’मध्ये एका अचिव्हमेंटसाठी ५३,५९४ झोंबी मारायचे असतात. हा आकडा हवेतून आलेला नाही, गेम जिथे घडतो त्या विलामेट गावाची ती लोकसंख्या आहे. एका आकड्यात अख्खं गाव संपल्याची भीती भरली आहे. याउलट पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये ४२० झेंडे गोळा करायचे. का? कारण ते तिथे लावले आहेत. दमास्कस, जेरुसलेम, अक्को अशी सुंदर शहरं उभी करायची आणि मग माणसाला त्यांच्या गच्चीवर झेंडे मोजत फिरवायचं, हा त्या शहरांवर अन्याय आहे. गेम बनवणाऱ्यांनो, चाळीस मोजण्या देण्यापेक्षा चार डाव सुचवा.

बक्षिसानं आवडीचं काय होतं, यावर १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या मानानं निम्माच वेळ रंगांकडे वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड शाबूत होती.

मला हा प्रयोग गेमच्या पडद्यावर रोज दिसतो. आपल्या तंद्रीत खेळत असताना कोपऱ्यात अचानक ‘टिंग’ झालं तर गंमत वाटते. पण गेम सुरू करायच्या आधीच यादी उघडून बसलं, की आपल्याला जे आपसूक करावंसं वाटलं असतं तेच काम होऊन बसतं. बुटक्याचीही बोली आधीच लागलेली असते, हे खरं. पण तो आपल्याला आधीच आवडणाऱ्या गोष्टीचा मोबदला देत नाही, तो एक नवी गोष्ट सुचवतो. फरक तिथे आहे.

गुण नसते तर कोपरे न् कोपरे पाहिलेच नसते, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी निंटेंडोचं उदाहरण पुरेसं आहे. स्विच या कन्सोलवर खात्याला चिकटणारी अचिव्हमेंटची व्यवस्थाच नाही. तरी २०१७च्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये लोक डोंगरामागून डोंगर चढले, कारण तिथून पुढचा डोंगर दिसत होता. त्यात कोरोक नावाचे ९०० चिमुकले जीव दडवलेले आहेत. सगळे शोधणाऱ्याला शेवटी मिळतो शेणाच्या गोळ्यासारखा दिसणारा सोनेरी ऐवज, ज्याचा लढाईत काडीचाही उपयोग नाही. तरी लोकांनी शोधले. ‘सेलेस्ट’ हा २०१८चा गेम तर स्पष्टच बजावतो की या स्ट्रॉबेऱ्या गोळा करून मित्रांवर छाप पडेल, बाकी काही होणार नाही, मनात असेल तरच घ्या. आणि खेळणारा त्या एका स्ट्रॉबेरीसाठी काट्यांवर पुन्हा पुन्हा मरतो. खुशीनं!

हे तुमच्या-माझ्या घरात पडताळून पाहता येईल असा गेम पुण्यातच बनला आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला, म्हणजे गुणांविना. ऑक्टोबरमध्ये तो प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर आला. एक्सबॉक्सवर आला म्हणजे १,००० गुण आलेच. मुलगी तीच, असुरांच्या तावडीतून भाऊ गोलूला सोडवायला निघालेली. भिंतींवरची देवादिकांची चित्रं तीच. स्विचवर खेळणारा त्या भिंतीपुढे थांबतो तो चित्रासाठी.

एक्सबॉक्स असो की प्लेस्टेशन, अचिव्हमेंटच्या सूचना बंद करायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ‘राजी’ लावण्याआधी ती वापरा, आणि घरात गेम नवीनच शिकणारं पोर असेल तर त्याच्या खात्यावरही. यादी गेम संपल्यावर उघडा. त्यात एखादा बुटका सापडला, तर दुसऱ्यांदा खेळा.