पेंग्विन की प्लॅटिपस?

जपानला जायचं ठरलं आणि भावोजींनी तक्ता केला. डाव्या रकान्यात कार्डांची नावं, मग फायदे, मग तोटे, शेवटी 'शेरा'. विमानाची तिकिटं काढायची होती, व्हिसाचा अर्ज भरायचा होता. पण टोकियोच्या लोकलच्या फाटकावर कोणतं कार्ड टेकवायचं, हा प्रश्न त्याहून तातडीचा ठरला. सहलीच्या व्हॉट्सॲप गटावर माणसं अकरा आणि मतं चौदा.

'सुइका घ्या.' 'सुइका बंद झालंय.' 'मग पास्मो घ्या.' 'तेही बंद झालंय.' 'इकोका घ्या, माझ्या साडूंनी तेच घेतलं.' 'तुमचे साडू ओसाकाला उतरले होते.' 'कार्ड कशाला, मोबाइलमध्येच येतं की.' 'कुठल्या मोबाइलमध्ये?' इथे कोणीतरी सूर्यफुलासकट सुप्रभात टाकलं आणि वाद दुसऱ्या दिवसावर गेला.

'बंद झालंय' ही बातमी खोटी नव्हती, फक्त शिळी होती. चिपांचा तुटवडा पडला म्हणून जून २०२३ मध्ये टोकियोत सुइका आणि पास्मोची साधी, बिननावाची कार्डं विकणं थांबलं. ऑगस्टमध्ये नाव नोंदवून मिळणारीही थांबली. जगातल्या सगळ्यात काटेकोर रेल्वेकडे प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालायला चिप नाही, याचा मला उगाच आनंद झाला होता. मार्च २०२५ मध्ये बिननावाचीही पुन्हा सुरू झाली. पण फॉरवर्डला मरण नसतं.

हे तीन आठवडे चाललं. मला मधल्या काळात एक गोष्ट कळली, पण ती गटावर टाकायची हिंमत झाली नाही. दहा माणसांचा विरंगुळा गेला असता. २३ मार्च २०१३ पासून जपानमधली दहा मोठी कार्डं एकमेकांच्या हद्दीत चालतात. टोकियोचं ओसाकात, ओसाकाचं सप्पोरोत, सप्पोरोचं फुकुओकात. आम्ही ज्यावरून भांडत होतो, ते भांडण जपान्यांनी एका तपापूर्वीच मिटवून टाकलं होतं.

मग निवडायला उरतं काय? प्राणी. सुइकाचा पेंग्विन, इकोकाचा निळा प्लॅटिपस, होक्काइदोच्या किताकाची उडती खार, फुकुओकाकडच्या निमोकाचं फेरेट. भावोजींच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. खरं तर तेवढा एकच पुरला असता.

आणि नावं. जपानी भाषेत प्रश्नाच्या शेवटी 'का' लावतात, आपल्यासारखाच. ओसाकाकडच्या बोलीत 'इको का' म्हणजे 'निघू या का?' हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे असं कंपनी सांगते. सांगू दे. कोटी आधी सुचली आणि आद्याक्षरं मागून गोळा केली, यावर मी पैज लावायला तयार आहे. क्यूशू बेटावरचं सुगोका तिकडच्या बोलीत 'लय भारी' असं म्हणतं. फुकुओकाच्या भुयारी रेल्वेचं हायाकाकेन सांगतं, 'लवकर होतंय म्हणून'. सुइका म्हणजे कलिंगड, आणि 'सुइसुइ' म्हणजे सुळकन निसटणं. आता आपलं बघा. ४ मार्च २०१९ला देशभरासाठी एकच कार्ड आलं, त्याचं नाव 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड'. ते उच्चारून होईपर्यंत गाडी सुटलेली असते.

सुळकन जाणं मात्र त्यांनी थट्टेवारी नेलेलं नाही. सुइका १८ नोव्हेंबर २००१ला आलं. त्यातलं तंत्र सोनीचं, फेलिका नावाचं. हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डात तेच १९९७ पासून होतं. कार्ड वाचणं, पैसे कापणं, फाटक उघडणं हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. याहून सावकाश झालं तर टोकियोच्या शिंजुकू स्टेशनात मागे माणसांचा बांध फुटेल. तिथे फाटकासमोर थांबून खिसे चाचपणारा माणूस म्हणजे दादरच्या जिन्यात मध्येच उभं राहून फोनवर 'हॅलो, ऐकू येतंय का' करणारा. पहिल्या दिवशी तो माणूस मी होतो.

तर कोणतं घ्यावं? ज्या विमानतळावर उतराल तिथे समोर मिळेल ते. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, कारण त्याला तक्ता लागत नाही. विचारण्यासारखे प्रश्न वेगळेच आहेत आणि ते गटावर एकानेही विचारले नाहीत.

पहिला, परत कुठे करणार? दहाही कार्डं सगळीकडे चालतात, पण परत घेते ती ज्याची त्यानेच. टोकियोत घेतलेलं सुइका ओसाकाच्या खिडकीवर द्यायला गेलात तर तो माणूस अतिशय नम्रपणे नाही म्हणेल. आमची सहल टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरून ओसाकाहून उडणारी. अकरा जणांचे पाच-पाचशे येन अनामत पेंग्विनकडे कायमचे राहिले असते. माणशी तीनशे रुपयांच्या आतबाहेर, पण हे कळल्यावर गटावर जी शांतता पसरली ती विमानाची तिकिटं महागली तेव्हाही पसरली नव्हती. शेवटी परतीचं विमान टोकियोहून घेतलं. त्यात वाचले किती आणि गेले किती, हे भावोजी तक्त्यात लिहीत नाहीत.

परत करण्यातही खोच आहे. शिल्लक पैशांतून २२० येन शुल्क कापतात. शिल्लकच नसेल तर कापायला काही नाही, आणि अनामत पूर्ण हातात पडते. हे भावोजींना कळलं आणि सहलीचे शेवटचे दोन दिवस शिल्लक शून्यावर आणण्यात गेले. पाण्याची बाटली, भाताचा त्रिकोणी गोळा, आणखी एक बाटली, च्युइंगम. शेवटी ३८ येन राहिले. कोपऱ्यावरच्या दुकानात 'एवढे कार्डातून घ्या, बाकी रोख देतो' असं सांगता येतं, हे त्यांनी हातवारे करून साधलं. सव्वाशे रुपयांचं शुल्क वाचवायला सातशे रुपयांची खरेदी झाली. च्युइंगम अजून संपलेलं नाही.

पाहुण्यांसाठी म्हणून एक वेगळं वेलकम सुइकाही मिळतं. अनामत नाही, मुदत २८ दिवस, आणि उरलेले पैसे परत नाहीत. स्वागत म्हणावं ते हेच.

दुसरा प्रश्न रोख रकमेचा. निघण्याआधी एका बँकेतला तरतरीत मुलगा मला परकीय चलनाचं कार्ड विकताना म्हणाला होता, 'सर, जपान फुल कॅशलेस आहे.' फुल कॅशलेस जपानमधल्या फुल कॅशलेस सुइकात पैसे भरायला स्टेशनवरच्या यंत्रासमोर उभा राहिलो, तर यंत्राला नोट हवी. बहुतेक यंत्रं तशीच. रोकड भरून घ्यायची आणि मग रोकड वापरायची नाही, अशी ही व्यवस्था. कार्डाची मर्यादा २०,००० येन. बरं, कार्ड घेऊन नूडल्स खायला गेलात तर छोट्या दुकानाच्या दारात कुपनाचं यंत्र, आणि त्यातल्या कित्येकांना पुन्हा नोट किंवा नाणीच हवी असतात.

म्हणून एटीएम. तिथे भावोजींचं कार्ड पैसे देईना. चूक बँकेची नव्हती, जपानचीही नव्हती. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपल्या नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळातच बंद असतो, आपण होऊन चालू करावा लागतो. तीन आठवडे जपानी कार्डांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने खिशातल्या भारतीय कार्डाकडे पाहिलेलं नव्हतं. (जाता जाता: दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत की येनमध्ये' असं विचारलं तर येन म्हणा. रुपये दिसले की घरच्यासारखं वाटतं. त्या वाटण्याचे पैसे लावतात.)

मोबाइलवाल्यांचंही सांगून टाकतो. आयफोन ८ आणि त्यापुढच्या फोनांत सुइका बसतं. जपानबाहेर विकलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत बसत नाही, कारण त्यांत ती सोयच चालू नसते. आमच्या भाच्याच्या आयफोनमध्ये बसलं, त्याने तासभर सगळ्यांना दाखवलं. मग पैसे संपले. त्याचं भारतीय कार्ड काही त्या फोनच्या पाकिटात शिरेना. शेवटी सेव्हन-इलेव्हनमधल्या यंत्राच्या खाचेत फोन ठेवला आणि वरून हजाराची नोट सरकवली. ऐंशी हजारांच्या फोनला नोट चारताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

तिसरी गोष्ट प्रश्न नाही, नियम आहे: माणशी एक कार्ड. आमच्या काकू फाटकातून आत गेल्या आणि मागे वळून काकांना कार्ड दिलं. काकांनी टेकवलं. फाटकाने दोन्ही दारं मिटून घेतली आणि एक आवाज काढला. यंत्राच्या लेखी काकू आधीच आत होत्या, मग या पुन्हा कोण शिरतायत? काकांना काकू ठरवणारं यंत्र पाहून रांगेतलं कोणी हसलं नाही. गणवेशातला माणूस धावत आला, वाकला, आणि तोच चुकला असं वाटेल इतक्या अदबीने समजावून गेला. चुकलो आम्हीच होतो.

हद्दीचंही एक आहे. कार्ड दोन्हीकडे चालतं म्हणजे एकाच दमात दोन्हीकडे चालतं असं नाही. टोकियोत टेकवून साध्या गाडीत बसलात आणि अतामीच्या पलीकडे उतरलात, की दोन रेल्वे कंपन्यांची शीव ओलांडलीत. फाटक उघडत नाही, खिडकीवर जाऊन हिशेब करावा लागतो. शिंकान्सेनचं तिकीट तर वेगळंच काढायचं.

एवढं सगळं असून ही एकी कायमची आहे असंही समजू नका. क्यूशूतल्या कुमामोतोच्या पाच बस-रेल्वे कंपन्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ही दहाही कार्डं घेणं बंद केलं. कारण यंत्रं नवी करायला सुमारे १२० कोटी येन लागणार होते, आणि बँकेची कार्डं टेकवण्याची सोय त्याच्या निम्म्याच्या आसपास होत होती. पेंग्विन गेला, प्लॅटिपस गेला. स्थानिक कार्ड तेवढं ठेवलं. त्यावर कुमामोतोचं लाडकं काळं अस्वल आहे.

आपल्या देशव्यापी कार्डालाही नावं ठेवायला नकोत. मेट्रोत चालतं, दोन हजारांपर्यंत पैसे राहतात. लोकलला मात्र ते टेकवायला जागाच नाही, कारण तिथे फाटकच नाही. फाटक बसवलं तर सकाळी ८:५२च्या गर्दीत सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा परवडणार नाही. सोनीलाही नाही.

पेंग्विनची आता सेवानिवृत्ती आहे. २०२६-२७ हे आर्थिक वर्ष संपेल तेव्हा तो सुइकावरून उतरणार, असं सुइका काढणाऱ्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. बाकीच्या कार्डवाल्यांनी कार्डं परत करून पाच-पाचशे येन घेतले, पण माझं म्हणूनच माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यात ४३० येन आहेत. शेवटच्या वापरानंतर दहा वर्षं ते चालतं, आणि त्यावर कोणाचं नाव नाही. वाचकांपैकी कोणी टोकियोला निघालं असेल तर जरूर घेऊन जा आणि ४३० येन खर्चून टाका. फक्त कार्ड तिकडे परत करू नका. पेंग्विन मला हवा आहे.