चाकरमान्यांसाठी श्वानपालनाचा जाबता

दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान आहेत आणि जेजुरीच्या खंडेरायाच्या सोबतीला एक आहे. परंतु या दोन्ही दैवतांना सकाळी साडेनऊच्या ठोक्याला यंत्रावर बोट टेकवून हजेरी लावावयाची नसल्यामुळे, त्यांच्या उदाहरणाने भारावून जाऊन ज्या चाकरमान्याने घरी कुत्रे आणले, त्याच्या उपयोगी पडेल असे मार्गदर्शन आपल्या धर्मग्रंथांत शोधूनही सापडत नाही. ही उणीव दूर करण्याच्या हेतूने प्रस्तुत जाबता सादर करीत आहोत.

आरंभी थोडे गणित. पिल्लाच्या वयाचे जितके महिने, त्यांत एक मिळवून येईल तितके तास ते लघुशंका रोखून धरू शकते, असा श्वानशिक्षकांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लास तीन तासांची मुदत मिळाली. आता डोंबिवलीत राहून फोर्टातल्या कचेरीत जाणारा गृहस्थ आठला घर सोडतो आणि गाडी वेळेवर असली तर साडेसातास परततो. त्रैराशिकाचा शौक असलेले काही वाचक यावर साडेदहा महिन्यांचे पिल्लू आणण्याचा तोडगा सुचवतील, आणि याच न्यायाने दोन वर्षांचे कुत्रे पंचवीस तास कळ काढील असाही दाखला देतील; परंतु मूत्राशयास त्रैराशिक शिकवण्याची सोय अद्याप झालेली नाही. पुरत्या वाढलेल्या कुत्र्याकडूनही सहा-आठ तासांपलीकडे संयमाची अपेक्षा ठेवणे हा निव्वळ जुलूम होय. शिवाय 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमान्वये, सदैव साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरवून न आणणे हा मालकाचा अपराध ठरतो. कुत्र्याला याची वार्ता नाही हे आपले नशीब.

तात्पर्य, दुपारी कोणीतरी मनुष्य घरी हजर पाहिजे, आणि तो कोण असावा याविषयी आमचे मत निश्चित आहे. कुत्रे आणण्याचा प्रस्ताव घरात मांडला गेला असता ज्या व्यक्तीने त्यास सर्वांत प्रखर विरोध केला असेल, “एक तर ते राहील नाही तर मी राहीन” अशी निर्वाणीची भाषा वापरली असेल, तिचीच या कामी नेमणूक करावी. बहुधा ही व्यक्ती आई असते. पहिला आठवडा ती कुत्र्याकडे पाहत नाही. दुसऱ्या आठवड्यात “ए, सरक तिकडे” इतपत बोलणे सुरू होते. आणि महिना उलटण्याच्या आत तुपाचे बोट फिरवलेली पोळी तिच्या हातून आणि आमटीतला बटाटा तिच्या ताटातून खाली उतरू लागतो. यापुढील धोका उपासमारीचा नसून मेदवृद्धीचा आहे. तेव्हा नेमणुकीच्या हुकुमासोबतच हेही बजावून ठेवावे की कांदा, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे हे पदार्थ कुत्र्यास विषवत् आहेत, आणि सत्यनारायणाच्या प्रसादातील बेदाण्यालाही या बाबतीत कोणतीही सूट मिळालेली नाही. ज्यांच्या घरी असा कट्टर विरोधक उपलब्ध नाही, त्यांनी दुपारी येऊन फिरवून आणणारा एखादा विश्वासू मुलगा पगारी ठेवावा आणि तो पगार वीजबिलाप्रमाणे अटळ मानावा.

आता निघण्याचा विधी, कारण खरी कसोटी येथेच लागते. पावलॉव या रशियन पंडितास पचनसंस्थेवरील संशोधनाबद्दल 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे त्याच्या प्रयोगशाळेतील कुत्री जगद्विख्यात झाली. परंतु त्या कुत्र्यांनी पावलॉवचा किती सूक्ष्म अभ्यास केला होता, याची नोंद कोणी ठेवली नाही. आपल्या घरचे कुत्रे त्याच परंपरेतील आहे. पायमोजे हातात घेतल्याची, डब्याच्या पिशवीची चेन ओढल्याची, किल्ल्यांच्या जुडग्याची त्याच्या दप्तरी नोंद असते, आणि या खुणा क्रमाने प्रकट होऊ लागल्या की त्याच्या मुद्रेवर सुतकाची कळा पसरते. यावर जाणकारांनी सांगितलेला उपाय असा, की या खुणांची पत घालवावी: रविवारी सकाळी कचेरीचा पोशाख चढवून, बूट घालून, किल्ल्या खुळखुळवीत दारापर्यंत जावे आणि परत येऊन आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत बसावे. दिवसातून चार-पाच वेळा असे केल्यास कुत्र्याची भीती हळूहळू ओसरते. आपली नोकरी गेल्याची वदंता सोसायटीत पसरते, हे खरे. पण त्यास इलाज नाही. मग प्रथम एक मिनिट, पुढे पाच, पुढे पंधरा मिनिटे दाराबाहेर जिन्यात उभे राहण्याचा अभ्यास करावा. प्रत्यक्ष निघताना मात्र गळ्यात पडणे, आणाभाका आणि “शहाण्यासारखा राहा हं” या चालीवरची प्रवचने वर्ज्य समजावीत. मुकाट्याने निघावे. निघण्यापूर्वी खोक्यात फाटकी वर्तमानपत्रे कोंबून त्यांत पोळीचे चार-सहा तुकडे दडवून ठेवले, तर तो ऐवज नाकाने हुडकून काढण्यात त्याचा पहिला अर्धा तास सत्कारणी लागतो. घरी परतल्यावर त्या कागदांचे जे काही झाले असेल, त्याचा पंचनामा करू नये.

पंचनामा करण्याचा अधिकार त्या वेळी कुत्र्याकडे असतो. उंबरठ्यावरच तो आपल्या विजारीची जी कसून तपासणी करतो, तीत कचेरीच्या टपरीशी आपण कोणत्या परक्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला हे निष्पन्न झाल्यावाचून राहत नाही. जबाब देण्याच्या भानगडीत न पडता लगेच पट्टा काढावा आणि फिरावयास न्यावे.

कुत्र्याला बरोबर घेऊन कामावर जावे, हा विचार अधूनमधून कित्येकांच्या मनात येतो. त्यांनी महाभारताचे आदिपर्व काढून पाहावे. कुरुक्षेत्रावर जनमेजय आपल्या भावांसह दीर्घसत्र करीत असता सरमा या देवशुनीचे पिल्लू तेथे आले, आणि त्याने हविर्द्रव्यास तोंड लावले नसतानाही त्या भावांनी त्यास मारहाण केली. सरमेने येऊन रीतसर जाब विचारला, समाधानकारक उत्तर न मिळाल्याने शाप दिला, आणि भर राजसत्तेत जनमेजयास त्या शापाच्या निवारणार्थ पुरोहित शोधीत हिंडावे लागले. आपल्या कचेरीतील वरिष्ठांची योग्यता जनमेजयाहून अधिक आहे असे ज्यास वाटत असेल, त्याने खुशाल प्रयोग करावा.

राहता राहिला रजेचा प्रश्न. कुत्रे आजारी पडले असता रजा मिळावी अशी तरतूद आपल्याकडील सेवानियमांत सहसा आढळत नाही. अशा प्रसंगी अर्जात “घरातील वृद्ध आजारी असल्यामुळे” असा मजकूर लिहावा. दहा वर्षांचे कुत्रे वृद्धच गणले जाते, त्यामुळे त्यात असत्य काहीही नाही.

टोकियोतील हाचिको या कुत्र्याची कथा सांगून स्वामिनिष्ठेवर डोळे ओले करण्याची प्रथा आहे. त्याचा मालक, प्राध्यापक उएनो, मे 1925 मध्ये वारला आणि कुत्रे मार्च 1935 पर्यंत, स्वतः मरेपर्यंत, शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत राहिले. निष्ठा थोर खरीच. परंतु चाकरमान्याने या कथेतला वक्तशीरपणा ध्यानी घ्यावा. मालकाची गाडी येण्याच्या सुमारास ते कुत्रे स्थानकावर हजर होत असे. कुत्र्यास आपली बढती, आपली पगारवाढ आणि आपले महागडे बिछाने यांपैकी कशाचेही सोयरसुतक नसते. सकाळचे फिरणे, दुपारचे माणूस आणि संध्याकाळचे परतणे एवढ्या तीनच तारखा तो मागतो, आणि त्यांतली एकही तहकूब झालेली त्याला खपत नाही.

एवढे वाचूनही ज्याचा निश्चय ढळला नसेल, त्याने पिल्लाचा मोह सोडून दोन-तीन वर्षांचे गावठी कुत्रे दत्तक घ्यावे. त्याचे दात येऊन गेलेले असतात, इथली हवा त्यास मानवते, आणि त्याचा स्वभाव आधी पारखून घेता येतो. ज्याच्या घरी मात्र सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत कुलूप असते आणि दुपारच्या माणसाचा पगार देण्याची ज्याची तयारी नाही, त्याने सेवानिवृत्तीपर्यंत कुत्रे पाळू नये.