वल्हं हातात, गाईड तयार

"पोहता येण्याची गरज नाही." ठाण्या-डोंबिवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर शनिवार-रविवारच्या सी-कयाकिंग सहलीचं जे पोस्टर फिरतं, त्यावर हे वाक्य ठळक असतं. नाश्ता, चहा आणि ड्रोन शूट समाविष्ट. तुम्हाला पोहता येण्याची गरज नाही, हे ठीक. गाईडला येतं का, हे छापायला मात्र जागा उरत नाही.

हा गाईड येतो कुठून? काल-परवापर्यंत तो हरिश्चंद्रगडावर मुलं नेत होता. मे महिन्यात काजवे दाखवत होता. लोक समुद्राकडे वळले, तसा तोही वळला. टी-शर्ट तोच. फक्त पाठीवरचा डोंगर जाऊन लाट आली.

वल्हं मारणं अवघड नाही. शांत पाण्यात अर्ध्या तासात जमतं. घोळ तिथेच होतो. स्कूटर येते म्हणून आपण कुणाच्या हाती शाळेची बस देत नाही. पण वल्हं येतं म्हणून दहा माणसं समुद्रात खुशाल देतो.

गाईडचं खरं काम कयाक उलटल्यावर सुरू होतं. घाबरून गळ्यात पडणाऱ्याला पाण्यातच शांत करायचं. त्याची उलटी बोट आपल्या बोटीवर आडवी ओढून पाणी ओतायचं, सरळ करायची, घट्ट धरून ठेवायची आणि त्याला पुन्हा आत चढवायचं. हात गळालेल्याला दोरी लावून ओढत न्यायचं. तेवढ्यात बाकीचे कुठे वाहत चाललेत, त्यावरही एक डोळा ठेवायचा. हे सगळं वाऱ्यात आणि लाटेत. पोहण्याच्या तलावात जमलं म्हणून समुद्रात जमेलच असं नाही. पण तलावात तरी केलंय का?

विचारून पाहा. "सर, आपल्या बोटी उलटतच नाहीत."

मग लाइफ जॅकेट काय फोटोसाठी?

खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? शाळेत दोन गुणांना होते. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. गुण मिळाले, वारा विसरला. आता अलिबाग-काशीदच्या बाजूला थंडीतल्या सकाळी कयाक लोटा. काठाशी पाणी शांत. मंडळी भराभर आत जातात आणि आपल्या दंडांवर खूश होतात. ती करामत दंडांची नसते, मतलई वाऱ्याची असते. हे परत फिरल्यावर कळतं.

२२ मार्च १९९३ रोजी दक्षिण इंग्लंडच्या लाइम उपसागरात हेच कळलं. ८ शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि साहस केंद्राचे २ प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. वारा जमिनीकडून समुद्राकडे. शिक्षकांची बोट उलटली. एक प्रशिक्षक त्यांना सावरत राहिला, दुसरी प्रशिक्षिका मुलांसह वाहत गेली. ४ मुलं गेली. दोन्ही प्रशिक्षकांकडे प्रमाणपत्र होतं, अगदी प्राथमिक पायरीचं. मदत मागायला फ्लेअर नव्हते. धोक्याचा इशारा देणारं पत्र मात्र होतं. केंद्र सोडून गेलेल्या एका प्रशिक्षिकेने ते आधीच मालकाला लिहिलं होतं.

मालक तुरुंगात गेला आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला.

इंग्लंड लांब वाटतं? मुरूड जवळ आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथे सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. ते कयाकमध्येही नव्हते.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं. जमिनीवर, हवेत, पाण्यात, कुठेही साहस विकायचं तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी. पोस्टरवर नोंदणी क्रमांक शोधा. चष्मा लावून शोधा.

शिकायची सोयच नाही, असंही नाही. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९० पासून आहे. पाण्यातून माणूस वाचवण्याचं शिक्षण तिथे मिळतं. डोंबिवलीतून गोव्याला जाणाऱ्यांची काही कमी आहे का? त्यातले किती जण त्या संस्थेच्या दारात थांबतात, हे वेगळं सांगायला नको.

आता घरचं पाणी. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे, फ्लेमिंगोंचं कौतुक आहे आणि ओहोटीला चिखलही आहे. सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही. उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांतच पळतं. त्या दोन तासांत उलट दिशेला कोण वल्हवणार? सहलीची वेळ मात्र लोकल आणि पोह्यांवर ठरते.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या कुणा जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा. तिथीची पाऊणपट करा, ही भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती. ॲप नको, रेंज नको. या माणसाला सहलीत काय काम मिळतं? मासळीच्या जेवणाचं.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथल्याच खाडीत जहाजं बांधायला घेतली. त्यासाठी पोर्तुगीज कारागीर नेमले. स्वराज्यालाही जाणकार लागत होता. वीकेंड ग्रुपला लागत नाही.

"पण आम्ही मजा करायला जातो, परीक्षेला नाही." बरोबर. परीक्षा गाईडची आहे. पेपर तुम्ही काढायचा.

तेव्हा पैसे भरण्याआधी फोन करा. किती जणांमागे एक गाईड? ओढायची दोरी कुणाकडे? त्या दिवशी भरती किती वाजता, वारा कुठून? तटरक्षक दलाचा नंबर काय? (१५५४ आहे, तुम्हीही लिहून ठेवा.) यातल्या एका जरी प्रश्नाला "काही होत नाही हो" असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि तलावपाळीवर भेळ खा. बोटीत बसायचंच असेल, तर ती तिथल्याच मासुंदा तलावातही मिळते.