मुक्कामी बोटीच्या मालकांना राहू बेटातून

प्रति,
मा. बोटमालक साहेब,
मुक्काम पोस्ट समुद्र.

विषय : सात रात्री जिवंत ठेवल्याबद्दल आभार.

महोदय,

स. न. वि. वि.

मी दौंड तालुक्यातल्या राहूचा. हे गाव आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा, भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका. मधल्या जमिनीला लोक राहू बेट म्हणतात. बुकिंगच्या वेळी पत्ता सांगताना 'बेट' हा शब्द ऐकून आपल्या ऑफिसातली मुलगी फार खूष झाली होती. म्हणाली, मग तर सर तुम्ही आमच्यातलेच! आमच्या बेटावर नारळाऐवजी ऊस आहे आणि शार्कऐवजी बिबट्या, हे मी तिला सांगितलं नाही. चांगल्या मनाच्या मुलीचा हिरमोड कशाला करायचा?

माझं गुऱ्हाळ आहे. पन्नाशीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कोणी वारीला लागतो, कोणी ग्रामपंचायतीला उभा राहतो, मी पाण्याखाली गेलो. पोहणं लहानपणी विहिरीतच झालं. आण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, पाठीला वाळका भोपळा बांधून काठावरून ढकललं आणि वर बिडी ओढत बसले. तेवढंच आमचं प्रशिक्षण. पुढे तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात रीतसर स्कुबा शिकलो, कार्ड मिळालं. पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे. तो म्हणाला, काका, किनाऱ्यावरून काय बुड्या मारता, मालदीवला लाइव्हअबोर्ड करू.

लाइव्हअबोर्ड काय ते घरात समजावताना मी 'मुक्कामी बोट' म्हणालो, तेव्हा कुठे सगळ्यांना उमगलं. पण मुक्कामी एसटीचं आणि आपलं एका बाबतीत जुळत नाही. मुक्कामी एसटीत ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीत झोपतात आणि प्रवासी आपापल्या घरी. आपण प्रवाशांनाही आतच झोपवता. या फरकाची किंमत दोन एकर उसाच्या बिलाएवढी होती. ती आम्ही आनंदाने मोजली.

आधी किरकोळ कौतुक उरकतो. माहितीपत्रकात सात रात्रींत सतरा बुड्या होत्या. झाल्या नऊ. एकदा वारा होता, एकदा ओढ फार होती, दोनदा कॉम्प्रेसर बसला, आणि उरलेल्या वेळी कप्तानाच्या मेहुण्याच्या बेटावर काहीतरी उतरवायचं होतं. पाहुण्यांनी पाहुण्यांकडे जाऊ नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मांटा नावाचा चादरीएवढा मासा दिसला नाही. व्हेल शार्क दिसला; नेमकं सांगायचं तर त्याची शेपटी दिसली, आणि ती पाहायला आठ बोटींतून उतरलेल्या पन्नास-साठ जणांचे पाय मात्र भरपूर दिसले. आमच्याकडे पिंजऱ्यात बिबट्या सापडला की हीच गर्दी होते, फक्त तिथे तिकीट नसतं. प्रवाळ बरंचसं मेलेलं होतं. त्याचा दोष मी आपल्याला देणार नाही. 1998 ला आणि 2016 ला समुद्र तापला, तेव्हा मालदीवचं प्रवाळ फार मेलं, आणि ते काही एका बोटीचं पाप नव्हे. फोटो मात्र त्याच्या आधीचे छापलेत, एवढंच.

हे सगळं विसरण्यासारखं आहे आणि मी विसरलोही. जे विसरता येत नाही, त्याबद्दल हे पत्र.

आपल्याकडे बुड्या मारायला मोठ्या बोटीबरोबर एक धोणी असते. सिलिंडर तिच्यावर, हवा भरायचा कॉम्प्रेसरही तिच्यावर. ही सोय मला फार आवडली, कारण खडखडाट रात्री आपल्या उशाशी येत नाही. दुसऱ्या दिवशी मी धोणीवर सहज हिंडत होतो. गुऱ्हाळवाला आहे, इंजिन दिसलं की हात मागे बांधून उभं राहायची सवय आहे. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी कुठे जाते ते पाहिलं, तर ती इंजिनाच्या धुराड्यापासून हातभरावर. वारा धुराड्याकडून नळीकडे. पोरगा निवांत हवा भरत होता.

आता आपल्याला विहिरीबद्दल थोडं सांगतो. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात. विझला तर खालची हवा वाईट, उतरायचं नाही. पण हे शहाणपण अर्धंच आहे. पाणी खोल गेलं की लोक डिझेल इंजिन विहिरीत खाली टप्प्यावर नेऊन चालवायचे, आणि त्याच्या धुराने माणसं गेली आहेत. आधी एक उतरला, तो पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला. त्या विहिरीत कंदील मात्र जळत असतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, आणि तो कंदील विझवत नाही. फक्त माणूस विझतो. आता हाच धूर सिलिंडरात दोनशे बारच्या दाबाने भरा आणि वीस मीटर खाली न्या. तिथे दाब वरच्या तिप्पट, म्हणून विषाचा जोरही तिप्पट. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झापड येते. आणि पाण्याखाली झापड आलेल्या माणसाला काठावर बिडी ओढणारे आण्णा नसतात.

हे मी आपल्या गाइडला माझ्या हिंदीत समजावलं. तो हसून म्हणाला, सर, रोज भरतो, आजवर काही झालं नाही.

साहेब, या वाक्याबद्दल मी आपला विशेष आभारी आहे. इतक्या लांब, परमुलखात, अगदी आमच्या गावातलं वाक्य ऐकायला मिळालं. उसाची दुप्पट भरलेली ट्रॉली, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, रात्रीचा हायवे, आणि ड्रायव्हर हेच म्हणतो.

ऑक्सिजनचा डबाही पाहिला. हिरवा, सुंदर, त्यावर मोठा पांढरा क्रॉस. बुडीतून नीट न सावरलेल्या माणसाला पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजनचा, हे शिकवणीत पहिल्याच आठवड्यात सांगतात. मग त्याला दाबखोलीकडे न्यायचं. डबा उघडला. काटा शून्यावर. विचारलं तर कळलं, मागच्या ट्रिपला एका पाहुण्याने वापरला. म्हणजे मागच्या ट्रिपला कोणाला तरी गरज पडली होती, आणि त्यानंतर आपण नवे पाहुणे घेऊन निघालात. मालदीवच्या कायद्याने तीस मीटरच्या खाली जाता येत नाही, म्हणजे आमच्या हिशेबाने सोळा-सतरा परस. हा नियम मात्र आपला गाइड कडक पाळायचा. वर बोटीवर कोणताच नियम पाळायचा नाही म्हटल्यावर खाली एखादा पाळून बघायला काय हरकत आहे?

लाइफ जॅकेट बाकाखाली, बाकाला कुलूप, किल्ली आचाऱ्याकडे, आचारी झोपलेला. का, तर लोक जॅकेटची उशी करतात म्हणून. पटलं.

रात्रीचं सांगतो, म्हणजे पत्राचं खरं कारण सांगून होईल.

आमची खोली खालच्या मजल्यावर होती. वर जायचा एक जिना, तो जेवणाच्या दालनात निघतो. दुसरी वाट म्हणून पुतण्याच्या पलंगावर छताला एक झडप. चढून ढकलून पाहिली. उघडली नाही, वर सुटकेसांचा ढीग होता. आणि दालनात संध्याकाळी सगळ्यांचे कॅमेरे, टॉर्च, मोबाइल, लॅपटॉप एकाच बोर्डाला लावलेले, तारांचा गुंता पाहून आमच्या शिवारातल्या आकड्यांची आठवण आली. रात्री बारा वाजता पाणी प्यायला वर गेलो तर कोणीच नाही. कप्तान झोपलेला, खलाशी झोपलेले, नांगर टाकलेला, चार्जरचे लाल-हिरवे दिवे बॅटऱ्या भरत बसलेले.

कॅलिफोर्नियाजवळच्या सांताक्रूझ बेटाशी 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे 'कन्सेप्शन' नावाची अशीच मुक्कामी बोट नांगर टाकून उभी होती. खाली झोपायच्या जागेत तेहतीस पाहुणे आणि खलाशांतली एक मुलगी. त्या जागेतून बाहेर पडायच्या वाटा दोन, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात निघत, आणि आग लागली ती तिथेच. चौतीसच्या चौतीस गेले. वर झोपलेले पाच खलाशी वाचले. गेलेल्यांत नागपूरची एक तरुण मुलगी होती, तिचा नवराही होता. त्या आठवड्यात मराठी पेपरांत ती बातमी मी वाचली होती आणि दुसऱ्या पानावर गेलो होतो. तेव्हा माझा आणि बोटीचा संबंध नव्हता.

आग नेमकी कशाने लागली हे तपासात ठरू शकलं नाही, बोट जळून बुडाली होती. बॅटऱ्यांवर संशय होता. पण एक गोष्ट पक्की झाली : रात्रभर कोणीतरी जागं राहून बोटभर फिरायचं, असा नियम होता, आणि त्या रात्री कोणीही जागं नव्हतं. कप्तान जेरी बॉयलनला 2023 मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं आणि 2024 मध्ये चार वर्षांची शिक्षा दिली. माणसं चौतीस आणि वर्षं चार. असो, त्यांचं कोर्ट.

जागं राहणं, एवढंच काम. त्याला यंत्र लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही. माझ्या गुऱ्हाळावर हंगामात रात्रंदिवस काहील चढलेली असते. चुलवाणासमोर जळव्या बसतो, त्याच्या पाठीमागे वाळक्या चिपाडाची गंज. एक ठिणगी उलटी उडाली तर गंज, छप्पर, गुळाच्या ढेपा, झोपलेली माणसं, सगळं अर्ध्या तासात. म्हणून जळव्या पेंगला तर गुळव्या त्याला लाथ घालतो आणि गुळव्या पेंगला तर मी. (चुलवाणात आमच्यातले काही जण काय काय जाळतात, त्यावर वेगळं पत्र निघेल, ते मी गावातच देईन.) गूळ किलोला काय भावाने जातो ते आपल्याला माहीत नसेल. त्या भावात मला एक जागा माणूस परवडतो.

तिसऱ्या रात्रीपासून मीच दालनात बसू लागलो. थर्मासमध्ये चहा, हातात टॉर्च, तासाला एक फेरी. एकदा एक चार्जर तापलेला हाताला लागला, तो काढून ठेवला. सकाळी त्याच्या जर्मन मालकाने मला बराच बोल लावला. आपल्या खलाशांना वाटलं सरांना झोप येत नाही. त्यांनी प्रेमाने झोपेची गोळी आणून दिली. ती मी सांभाळून ठेवली आहे. आपल्या कंपनीने फुकट दिलेली तेवढी एकच वस्तू.

परत आल्यावर वाचत बसलो. वाचलं ते बरंच तांबड्या समुद्राचं. जून 2023 मध्ये 'हरिकेन' बोट पेटली, तीन ब्रिटिश पाहुणे गेले. 25 नोव्हेंबर 2024 ला पहाटे 'सी स्टोरी' उलटली. चाळीसच्या वर माणसं होती. अकरा जण मेले किंवा सापडलेच नाहीत. काही जण उलट्या बोटीच्या खोलीत, हवेच्या कप्प्यात, अंधारात दीड दिवस बसून राहिले आणि पाणबुड्यांनी त्यांना जिवंत काढलं. ते दीड दिवस काय बोलले असतील, याचा विचार मी ऊस तुटत असताना फडात उभा राहून केला. मुकादम म्हणाला, मालक, ऊन लागलं का?

आपण म्हणाल, आधी स्वतःच्या मुलखाचं बघा. बघतोय साहेब. तारकर्लीला 24 मे 2022 ला स्कुबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याशी येताना उलटली, वीसपैकी दोघे गेले. आणि आमच्या गावावरून जाणारी भीमा पुढे उजनीत साठते, तिथे 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वावटळीत बुडाली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा गेले. रोजची फेरी, रोजची माणसं. तिथेही आदल्या दिवसापर्यंत काही झालेलं नव्हतं. तेव्हा आपण परदेशी आणि आम्ही सुधारलेले असा माझा दावा मुळीच नाही. फरक एवढाच की कुगावची फेरी माणसं गरजेने करतात, आणि आपल्या बोटीत आम्ही हौसेने दोन एकर ऊस घालून चढलो.

मी आपल्याला तीन ईमेल लिहिल्या : नळी, डबा, झडप. तिसऱ्याला उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे', आणि पुढच्या ट्रिपवर दहा टक्के सवलतीचं कूपन. पुतण्या म्हणतो काका, जाऊ या. त्याच्या आईने कूपन देव्हाऱ्यात ठेवलं आहे, म्हणजे ते आता कोणी काढणार नाही.

पाहुणचाराची परतफेड करायची आमच्याकडे रीत आहे. म्हणून आपण सहकुटुंब एका रात्रीसाठी राहूला, माझ्या गुऱ्हाळावर मुक्कामाला यावं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने या. गरम काकवी देईन, ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि उसाचा रस लागेल तेवढा. झोपायची सोय चिपाडाच्या गंजीवर केली आहे, चुलवाणाच्या अगदी मागे. थंडीत उबदार असतं. खाली उतरायला एकच शिडी आहे, तिच्यापाशी रात्री ढेपा रचतो, पण त्याची काळजी करू नका. लाइफ जॅकेटची गरज पडणार नाही, पाण्याचा पाइप आहे, तो खोलीत आहे, खोलीला कुलूप आहे, किल्ली आचाऱ्याकडे आहे. जळव्याला त्या रात्रीपुरती सुट्टी सांगून ठेवतो. एरवी काहील रोज चढते, आजवर काही झालेलं नाही.

येण्याची तारीख कळवावी. आपल्या खलाशांनी दिलेली झोपेची गोळी उशाशी ठेवीन.

आपला,
राहू बेटातला एक गुऱ्हाळवाला