सदर मुशीने २०७० पर्यंत धीर धरावा

प्रति,
आखूड पराची माको मुशी,
मुक्काम : उत्तर अटलांटिक महासागर (स्थलांतरित असल्याने कायमचा पत्ता नाही)

विषय : संरक्षण मंजूर झाल्याबाबत.

सदर मुशीस कळविण्यात येते की, तिच्या संरक्षणाची कागदोपत्री सिद्धता जवळपास पूर्ण झाली आहे. स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने २००८ मध्येच तिला दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्यासाठी राष्ट्रांनी आपसांत सहकार्य करणे अपेक्षित आहे पण ज्यांना पकडण्यास मनाई नाही अशांच्या यादीत, जागा दिली. २०१९ मध्ये आययूसीएन या जागतिक संघटनेने तिला ‘संकटग्रस्त’ ठरविले, आणि त्याच वर्षी जिनिव्हा येथे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या सभेने १०२ विरुद्ध ४० मतांनी तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आणला. एवढा मान फार थोड्या माशांच्या वाट्याला येतो.

तथापि सदर मुशीचे सहकार्य कमी पडते, हे खेदाने नमूद करावे लागते. तिची मादी वयाची सुमारे १८ वर्षे उलटल्यावर प्रजननक्षम होते, पिल्ले दीडेक वर्ष पोटात वाढवते आणि दोन वेतांमध्ये साधारण तीन वर्षे घालवते. ट्यूना व तलवारमासा यांच्यासाठी मैलोनमैल सोडलेल्या लाँगलाइनला, म्हणजे शेकडो गळ लावलेल्या दोरीला, ती न बोलावता लागते. बरे, लागल्यावर तग धरावा, तर तेही नाही : सतत पोहून कल्ल्यांवरून पाणी खेळते राहिले तरच तिला श्वास घेता येत असल्याने, गळाला अडकून जागीच खिळली की ती गुदमरू लागते, आणि ‘जिवंत मुशी सोडून द्यावी’ या नियमाचा लाभ घेण्याआधीच अनेकदा मरते.

अटलांटिकमधील ट्यूनाच्या संवर्धनासाठी नेमलेल्या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी पकड शून्यावर आणण्याची गरज २०१७ मध्येच दाखवून दिली होती. आयोगाने चार वर्षे, म्हणजे एका मादीचे जेमतेम एक वेत होईल इतका काळ, विचार करून २०२२ व २०२३ या दोन वर्षांपुरती माको बोटीवर ठेवण्यास बंदी केली आणि साठा सावरण्यासाठी २०७० पर्यंतची मुदत घातली. सबब, सदर मुशीने तोवर धीर धरावा. शक्य तर श्वास रोखून.

कळावे.

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : आयोगाची सर्व सदस्य राष्ट्रे. परिशिष्टे पुरेशी झाली. आता गळ कोठे आणि किती सोडायचे, हे ठरवावे, कारण नियम पाळून पाण्यात सोडलेली मेलेली मुशी वेत देत नाही.