मुक्काम पोस्ट शेंगेन

आमच्या व्हिसाची मुदत वर्षभराची होती आणि त्यावर ‘मल्ट’ असं छापलेलं होतं. म्हणजे हवं तेवढ्या वेळा या-जा. चाळीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारच्या काकांनी परस्पर निकाल देऊन टाकला, “वर्षाचा व्हिसा आहे ना? मग राहा की लेकीकडे वर्षभर!” त्याच स्टिकरवर मुक्कामाच्या रकान्यात ९० हा आकडा होता. तो चाळीत फक्त मी वाचला होता, आणि त्याचा मला जरा गर्वच झाला होता.

२०२४ च्या एप्रिलात, १० ते २१ तारखेला, टूरबरोबर पॅरिस आणि स्वित्झर्लंड उरकलं. मग १ जुलैला म्युनिकला लेकीकडे गेलो, परतीचं तिकीट ३० सप्टेंबरचं काढून. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, एवढं गणित मला येतं. शिवाय त्यात माझा एक खासगी डाव होता. तिथला बिअरचा तो प्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट नावाला ऑक्टोबरचा. त्या वर्षी सुरू होणार होता २१ सप्टेंबरलाच. ही माहिती मी घरात फोडली नव्हती.

ऑगस्टात एकदा ही गणपतीला किती दिवस राहिले ते पाहत होती. मुंबईहून बॅगेत गुंडाळून नेलेलं कालनिर्णय लेकीच्या फ्रिजवर लावलं होतं. मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजता मोजता ती थबकली.

“अहो, जुलै एकतीसचा, ऑगस्टही एकतीसचा. तुमचे तीन महिने ब्याण्णव दिवसांचे होतात.”

दोन दिवसांनी काय बिघडतं, असं मी म्हणणार तोच लेकीने लॅपटॉप उघडला. युरोपियन कमिशनने या हिशेबासाठी चक्क एक कॅल्क्युलेटर ठेवलाय. “बाबा, एप्रिलचे बारा दिवसही यातच धरायचे. कुठल्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस बघायचे. त्यात ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत.”

हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं. हिला एकदाच. दुधाचे खाडे मांडण्यात हिची हयात गेलेली. तिने पेन्सिल घेऊन एप्रिलच्या पानावर बारा फुल्या मारल्या आणि विचारलं, “आल्याचा दिवस धरायचा?” धरायचा. “निघायचा?” तोही धरायचा. “म्हणजे सुतकासारखं. पहिला दिवस धरूनच मोजायचं.” पाच मिनिटांत निकाल लागला: बारा वजा जाता अठ्ठ्याहत्तर, म्हणजे १६ सप्टेंबर. १७ ला अनंत चतुर्दशी. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीआधी आमचंच विसर्जन. आणि माझ्या २१ तारखेचं दुःख तर मला बोलूनही दाखवता येईना.

काकांना फोन लावला. ते म्हणाले, “त्यात काय? एक दिवस स्वित्झर्लंडला जाऊन या, मीटर परत शून्यावर.” स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही हे त्यांना ठाऊक होतं, शेंगेनमध्ये आहे हे नव्हतं. आणि लंडनला गेलो असतो तरी मीटर शून्यावर आलं नसतं, मागचं भाडं तसंच राहतं. हे शेंगेन म्हणजे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक चिमुकलं गाव. १९८५ साली पाच देशांनी तिथे नदीत उभ्या असलेल्या बोटीवर बसून करार केला, आणि पुढे त्यात एकूण एकोणतीस देश झाले. एवढ्या देशांच्या सीमा पुसून टाकणाऱ्यांना आमचे चौदा दिवस तेवढे पुसता आले नाहीत.

दंड, पुढच्या वेळी प्रवेशबंदी, असलं काहीबाही लेकीने वाचून दाखवल्यावर मुकाट्याने पैसे भरून तिकीट बदललं. १६ तारखेला विमान रात्रीचं होतं, पण हिने चार वाजताच विमानतळ गाठायला लावला. न जाणो, रांगेतच बारा वाजले तर? तेव्हा अजून शिक्क्यांचं राज्य होतं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट डोळ्यांजवळ नेला. चौकोनात शिरणारा बाण म्हणजे आगमन, बाहेर पडणारा म्हणजे प्रस्थान, कोपऱ्यात इवलंसं विमान. त्याने बोटांवर मोजलं. मग कॅल्क्युलेटरवर. मग पुन्हा बोटांवर.

“नाइन्टी,” ही काचेतून म्हणाली.

त्याने मान वर करून हिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. एवढ्या काठोकाठ भरलेलं माप त्याने बहुधा पाहिलं नसावं.

आखातात विमान बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत उतरलो. अनंत चतुर्दशी. टॅक्सीवाल्याने चर्नी रोडच्या अलीकडेच बॅगा उतरवल्या, “पुढे रस्ता बंद.” घर दोन गल्ल्यांवर. ढोलांच्या दणदणाटात बॅगा ओढत बॅरिकेडपाशी पोचलो, तर हवालदाराने काठी आडवी धरली.

“कुठे निघालात? काय काम आहे?”

मी तोंड उघडायच्या आत हिने प्लॅस्टिकचं फोल्डर उघडलं आणि लाइट बिलाची मूळ प्रत व दोन झेरॉक्स त्याच्यापुढे धरल्या.